लेकरू राखणारीचे काम

मूल सांभाळणे ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिला काम म्हणावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. स्वयंपाक हे काम, धुणेभांडी हे काम, शेतातली निंदणी तर कामच काम. पण दिवसभर वर्षाच्या लेकराला कडेवर घेऊन अंगणात बसलेल्या पोरीला विचारा, "काय करून राहिली ग?" तर ती सांगेल, "काही नाही, बसली आहे." घरची माणसेही तेच सांगतील. ह्या "काही नाही" विषयी मला आज थोडे बोलायचे आहे.

पुण्यामुंबईकडे हे काम करणाऱ्या बाईला आता पगार मिळतो. आईवडील दोघेही नोकरीला जातात. मूल पाळणाघरात जाते, नाही तर घरी सांभाळणारी बाई येते. परदेशी राहणारी आपली मराठी कुटुंबे 'बेबीसिटर' हा शब्द सर्रास वापरतात. तिकडे तिला तासावर पैसे मोजून देतात, आणि मुलाच्या घशात काही अडकले तर काय करावे, याचे शिक्षण घेतलेली असेल तर तिला मागणीही जास्त असते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा शब्द अजून पोचलेला नाही. आपल्याकडचा शब्द आहे 'लेकरू राखणे'. गुरे राखावी, शेत राखावे, तसे लेकरू राखावे. शब्द मोठा चांगला आहे. राखणाऱ्याने जागे असले पाहिजे, हे त्या शब्दातच येऊन जाते. प्रश्न एवढाच उरतो की, आपल्याकडे हे राखण करते कोण?

याचे उत्तर वर्षाच्या कामाकडे पाहिल्याखेरीज नीट समजणार नाही. होळीच्या आगेमागे मोहफूल पडू लागते. फूल रात्री-पहाटे गळते आणि ऊन चढण्यापूर्वी वेचावे लागते, म्हणून घरातली बाई अंधारातच टोपली घेऊन निघते. मोहाचा हंगाम सरतो तोच तेंदूपत्ता येतो. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, उन्हातून गाठोडे डोक्यावर घेऊन परत यायचे, दुपारभर सत्तर सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायची. हा हंगाम थोड्याच आठवड्यांचा. पण वर्षातला मोठा रोख पैसा त्यातच हाती येतो, त्यामुळे घरातला एकही हात रिकामा ठेवून चालत नाही. आषाढ-श्रावणात धानाची रोवणी. दिवसभर चिखलात वाकून करायचे हे काम बहुतांशी बायांचेच. पुढे कापणी, मग चुरणा. त्यानंतर कित्येक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे वर्षातले असे फार थोडे महिने आहेत, की ज्यात आई दिवसभर घरी सापडेल.

मग आईने लेकरू बरोबर का नेऊ नये? कित्येक जणी नेतातही. बांधावर झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्यात मूल निजवलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे. परंतु मे महिन्यातले ऊन, पाण्याची वानवा, आणि जंगल. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत अशा बातम्या चंद्रपूर जिल्ह्याला नव्या राहिलेल्या नाहीत. अशा जंगलात तान्हे मूल झाडाखाली ठेवून पाठ फिरवायला कोणती आई धजेल? मिरचीच्या शेतात तर तिखटाची धूळ लहान्याच्या नाकाडोळ्यांत जाते. म्हणून मूल घरी राहते. आजी असेल तर आजीपाशी. पण हातपाय चालतात तोवर आजीही मजुरीला जातेच, आणि ते चालेनासे झाले की, रांगत्या लेकरामागे धावणे तिच्याने होत नाही. मग उरते कोण? थोरली बहीण. वय आठ, दहा, फार तर बारा. पहाटे निघताना आई तिला झोपेतून हलवून सांगते, "बाई, लेकराकडे पाहजो." झालं. त्या दिवसापुरती तिची नेमणूक झाली.

या पोरीला मी नावे ठेवणार नाही. ती आपल्या भावाला जीव लावते, स्वतः अर्धपोटी राहून त्याला भरवते, त्याच्यापायी खेळ सोडते. पण आठ वर्षांच्या मुलीकडून आपण एका जाणत्या बाईच्या कामाची अपेक्षा करतो, आणि त्याची किंमत तीन जणांना मोजावी लागते. लेकराला, कारण त्याची राखण अपुरी होते. आईला, कारण तिचे अर्धे चित्त घरी असते. आणि सर्वांत अधिक त्या मुलीला, कारण तिची शाळा जाते.

शाळा एका दिवसात जात नाही, म्हणून ती गेल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. मोहाच्या हंगामात आठ दिवस, रोवणीत पंधरा दिवस, कापणीत पुन्हा आठ. परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. भागाकार समजलेला नसतो. विचारायला लाज वाटते. मग मागच्या रांगेत बसायचे, आणि एक दिवस तेही सोडायचे. महाविद्यालयात शिकवताना मला हे दुसऱ्या टोकाने दिसते. रोवणीच्या दिवसांत हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढतात. परत आल्यावर कारण विचारले, तर उत्तर येते, "घरी वहिनीचं लेकरू होतं, सर." एवढे होऊनही त्या महाविद्यालयापर्यंत पोचल्या, ज्या पोचल्या नाहीत त्यांची नावे आमच्या हजेरीपटावर येतच नाहीत.

आता, हे काम काय आहे ते जरा नीट पाहू. कामाच्या जबाबदाऱ्या मांडल्या, म्हणजे ते कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये, हे आपोआप ठरते.

पहिली जबाबदारी लक्ष ठेवण्याची. रांगणारे मूल क्षणात चुलीपाशी जाते, पाण्याच्या गुंडात डोकावते, कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली तोंडाला लावते. आपल्या घरांत चूल भुईवरच असते, आणि विहिरीला कठडा असतोच असे नाही. बुडायला विहीरच लागते असेही नाही; रांगत्या मुलाला भरलेली बादली पुरते. राखणारीने सकाळी आल्याबरोबर, मूल खाली सोडण्यापूर्वी, अंगणात आणि घरात एक फेरी मारावी: विस्तव झाकला आहे ना, पाणी वर ठेवले आहे ना, विळा-कोयता आणि औषधे हाताबाहेर आहेत ना. आठ वर्षांची मुलगी हे करू शकणार नाही असे नाही. पण शेजारची मैत्रीण खेळायला आली की ती विसरेल, आणि विसरणे हा तिच्या वयाचा हक्कच आहे.

दुसरी जबाबदारी भरवण्याची. ही मला फार महत्त्वाची वाटते. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाला वरच्या अन्नाची जोड लागते. लहान मुलाचे पोट त्याच्या मुठीएवढे. त्यात एका वेळी मावणार किती? म्हणून त्याला थोडे थोडे, पण दिवसातून चार-पाच वेळा भरवावे लागते. आणि भरवणे म्हणजे ताट पुढे सरकवणे नव्हे. मांडीवर घ्यायचे, मऊ करायचे, घास घास द्यायचा, थुंकले तर पुसून पुन्हा द्यायचा. एका वाटीला अर्धा तास लागतो. आई पहाटे गेली आणि दुपारी आली, तर मधल्या वेळात पोरीने दिलेली गार पेज किंवा भाताची चार शिते एवढेच त्याच्या पोटात जाते. आपल्या जिल्ह्यांतल्या कुपोषणाची चर्चा झाली की, आपण धान्य किती, पोषण आहाराची पाकिटे किती, याचा हिशोब मांडतो. तो मांडायलाच हवा. पण पाकीट घरात असूनही मूल उपाशी राहू शकते, कारण ते फोडून, शिजवून, घास घास भरवणारे हात त्या वेळी घरात नसतात.

तिसरी जबाबदारी आजार ओळखण्याची. मूल रडते तेव्हा ते आजारी असते असे नाही. उलट फार आजारी मूल रडायचे थांबते आणि सुस्त पडते. हे राखणारीला ठाऊक हवे. हगवण लागली, तर साखर-मिठाच्या पाण्याचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून चमच्याचमच्याने पाजत राहायचे; पाणी बंद करायचे नाही. खोकल्याबरोबर श्वास जोरात चालला असेल, तर तो मिनिटभर मोजायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आतील मुलाचा ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त भरला, तर तो न्यूमोनिया असू शकतो. मग आई संध्याकाळी येईल म्हणून वाट पाहत बसायचे नाही, आशाताईला बोलवायचे. आपल्या भागात हिवताप घरोघरी परिचयाचा आहे. ताप आला की रक्त तपासून घ्यायचे, हेही त्यातच आले.

चौथी जबाबदारी बोलण्याची. तुम्ही म्हणाल, ही कसली जबाबदारी? पण मूल भाषा शिकते ती त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाकडून. पहिल्या तीन वर्षांत त्याच्याशी कोणी बोललेच नाही, तर पुढे शाळेला ती उणीव भरून काढणे जड जाते. भामरागडकडे हे बोलणे माडियात व्हावे, सिरोंचाकडे तेलुगूत, कोरचीच्या बाजूला छत्तीसगडीत किंवा गोंडीत. म्हणून राखणारी त्याच गावची, त्याच बोलीची असावी. बाहेरून पाठवलेली शिकलेली बाई येथे तितकीशी उपयोगी पडायची नाही.

पाचवी जबाबदारी हिशोब देण्याची. संध्याकाळी मूल आईच्या हाती देताना दिवसाची हकीकत सांगायची: किती वेळा खाल्ले, किती वेळा शी झाली, पडले असेल तर कोठे पडले. पडल्याचे लपवायचे नाही. लहान मुलगी मार बसेल या भीतीने लपवते. जाणत्या, पगारी बाईला लपवण्याचे कारण नसावे, आणि आईनेही ऐकताक्षणी तोंड टाकू नये.

शिवाय, काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. मूल निजावे म्हणून त्याला काहीही चाटवू नये. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया १९२० च्या सुमारास आपल्या तान्ह्यांना अफू घातलेली बाळगोळी देऊन खोलीवर निजवून जात. त्या काळच्या सरकारी चौकशांत याची नोंद आहे. त्या बाया निर्दय होत्या काय? मुळीच नव्हत्या. त्यांच्यामागे मूल राखणारे कोणी नव्हते, आणि दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नव्हते. राखणारी नसली म्हणजे आईला काय काय करावे लागते, याचे ते उदाहरण आहे.

एवढे सगळे खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला जमेल काय, अशी शंका कोणी काढील. या शंकेचे उत्तर गडचिरोलीनेच साऱ्या जगाला दिलेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था येथे सुरू केली. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यासाठी त्यांनी खेड्यातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे, हे सारे त्या शिकल्या. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत हे काम झाले आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून तीच पद्धत आशांच्या मार्फत देशभर आली. पंधरा दिवसांच्या बाळाचा श्वास मोजायला आपल्या बाया शिकल्या, त्या दोन वर्षांच्या मुलाला राखायला शिकणार नाहीत काय?

मग अडते कोठे? मला वाटते, अडते ते या कामाला काम मानण्याच्या पायरीवर. कायद्याने हे पूर्वीच मानलेले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ठराविक संख्येहून जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे केले. १९६६ साली खाणींसाठी पाळणाघराचे नियम झाले. त्याच वर्षीच्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघराचे कलम आले. येथे एक गंमत पाहा. तेंदूच्या पानाची विडी कारखान्यात वळणाऱ्या बाईच्या मुलासाठी, निदान कागदावर तरी, पाळणा आला. तेच पान जंगलात तोडणाऱ्या बाईच्या मुलासाठी कोणी पाळण्याचा विचार केला नाही, कारण जंगल म्हणजे कारखाना नव्हे. तेथे हजेरीपट नाही, भिंत नाही, आणि मजुरी पुडक्यावर मिळते.

रोजगार हमीच्या कामावर मात्र हा विचार झाला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात असे कलम घातले होते की, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर मजूर बायांपैकी एकीला ती मुले सांभाळायला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. या कलमाचा किती उपयोग झाला ते कामाकामांवर वेगळे असेल. पण त्यातले तत्त्व फार मोलाचे आहे. माती खणणारी आणि लेकरू राखणारी, दोघींची मजुरी सारखी!

अंगणवाडी आहे ना, असे कोणी म्हणेल. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत सुरू झाली आणि आज ती आपल्या दूरदूरच्या पाड्यांपर्यंत पोचली आहे. तिचे मोल मोठे आहे. पण अंगणवाडीत येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले, आणि तीही दिवसातले काही तास. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे मूल, ज्याला राखणाची सर्वांत जास्त गरज, ते घरीच राहते. आईच्या दुधावरचे बाळ आणि अंगणवाडीतले मूल यांच्यामधली ही अडीच वर्षे आज थोरल्या बहिणीच्या कडेवर जातात.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी एका बाईंनी ओळखली होती. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या. मुले शाळेत येईनात तेव्हा त्यांनी आईबापांना दोष दिला नाही. मुले का येत नाहीत ते पाहिले. काही गुरांमागे जात होती, म्हणून कुरणातच शाळा नेली. मुली धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकत्र आणून विकासवाडी केली. बहिणीने भावाला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात द्यावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हाच विचार मान्य केला. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे म्हणून दिवसाची पाळणाघरे काढावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम राजघाटावर चालले होते, आणि मजूर बायांची तान्ही मुले धुळीत पडलेली होती. मीरा महादेवन यांनी तेथेच तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातूनच 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. बांधकाम सरले की पाळणाघर पुढच्या कामावर जायचे. आपल्या हंगामी कामांना ही रीत लागू पडण्यासारखी आहे. तेंदूच्या आणि रोवणीच्या दिवसांत गावात पाळणाघर चालले, तरी अर्धे ओझे उतरेल.

तिसरे उदाहरण तर शेजारचेच. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे 'जन स्वास्थ्य सहयोग' या संस्थेने जंगलातल्या गावांत 'फुलवारी' सुरू केल्या. गावातलीच एक बाई, तिच्यापाशी तीन वर्षांखालची थोडी मुले, दिवसा दोन-तीन वेळा शिजवलेले गरम अन्न, आणि बाईला मानधन. पुढे तेथील राज्य सरकारनेही फुलवारीची योजना हाती घेतली. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ पासून 'पाळणा' या नावाखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची योजना आखलेली आहे. तेव्हा वाट अनोळखी नाही.

आता आपल्या गावाने काय करावे? गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांत अनेक गावांना तो मिळाला, आणि कित्येक ग्रामसभा बांबू-तेंदूचा व्यवहार स्वतःच करू लागल्या. म्हणजे जंगलातल्या मजुरीची मालकी आता ग्रामसभेकडे आली. मालकी आली, तशी मालकाची जबाबदारीही आली. तेंदूचा लिलाव ठरवण्यासाठी सभा बसते त्या दिवशी एक विषय आणखी घ्यावा: हंगामात लेकरे कोण राखणार? दहा-बारा मुलांमागे दोन बाया निवडाव्या. एकीने भरवावे, दुसरीने लक्ष ठेवावे. त्यांना तेंदू तोडणाऱ्या बाईला पडेल तेवढी मजुरी ग्रामसभेच्या खात्यातून द्यावी. समाजमंदिर किंवा शाळेची खोली, सावली, पिण्याचे पाणी, दोन झोळ्या, एक पातेले. याला फार पैसा लागत नाही. पेसा गावांना २०१५ पासून मिळू लागलेल्या अबंध निधीतूनही अशा कामाला हातभार लावता येईल. आणि पहाट ध्यानात ठेवावी. दहा वाजता उघडणारे पाळणाघर मोहाच्या आणि तेंदूच्या बाईला निरुपयोगी आहे. ते पहाटे उघडले पाहिजे.

निवड करताना विधवा, एकटी किंवा जंगलात जाणे झेपत नाही अशी बाई आधी पाहावी; मात्र केवळ दया म्हणून कोणाला हे काम देऊ नये. जिला मुलांची आवड आहे, जी स्वच्छ राहते, जी दारू पिऊन येत नाही आणि अडचणीत हाक मारायला लाजत नाही, तिलाच ते द्यावे. आशाताई आणि अंगणवाडीताई यांनी तिला चार दिवस शिकवावे.

शहरातल्या श्रोत्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. चंद्रपूर, बल्लारपूर, नागपूर येथील काही सुशिक्षित घरांत मूल सांभाळायला गावाकडची लहान मुलगी आणून ठेवतात. "तिला खायला-प्यायला मिळतं, आमच्याकडे ती घरच्यासारखी राहते," असे म्हणतात. घरच्यासारखी राहते, तर आपल्या मुलीप्रमाणे ती शाळेत का जात नाही? चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणे १० ऑक्टोबर २००६ पासून कायद्याने गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सगळ्याच कामधंद्यांना लागू केली. मुलाने शाळा सांभाळून स्वतःच्या घरच्यांना मदत करावी, अशी सवलत ठेवली. तुमच्या बाळासाठी राखणारी हवी असेल, तर मोठी बाई ठेवा, तिला पुरता पगार द्या, आठवड्याला सुटी द्या, आणि तिचे स्वतःचे लेकरू त्या वेळात कोणापाशी आहे, हेही एकदा विचारा.

थोरल्या बहिणीने धाकट्याला कडेवर घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. शाळेतून आल्यावर तिने त्याला घ्यावे, खेळवावे, गोष्ट सांगावी. त्यात दोघांचाही आनंद आहे. पण सकाळी दहा वाजता तिची जागा वर्गात आहे, आणि त्या वेळी लेकराजवळ जाणती बाई असावी, हे पाहणे गावाचे काम आहे. यंदा ग्रामसभेत तेंदूचा भाव ठरेल, फळी कोठे बसवायची ते ठरेल, पैसे कोणाच्या खात्यात जमा व्हायचे ते ठरेल. त्याच कागदावर आणखी दोन ओळी लिहून घ्या: राखणाऱ्या बायांची नावे, आणि त्यांची रोजची मजुरी.